‘देव चांगला आहे’ असे म्हणायला चौदा वर्षांच्या मुलीला भाग पाडावे काय?

निशिगंध:

सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

माझे यजमान गेल्या जुलै महिन्यात प्रभुवासी झाले. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे चार वर्षे त्यांचे डायलिसिस चालू होते; पहिली दोन वर्षे आठवड्यातून दोनदा आणि पुढे तीनदा आम्ही श्रीरामपूरहून नगरला जात असू. माझ्या मुलीने त्या काळात शाळेचा बराचसा अभ्यास डायलिसिसच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून केला. मंडळीने आमच्यासाठी उपास धरले, साखळी प्रार्थना केल्या, पैसेही उभे केले, आणि ते ऋण माझ्याच्याने कधी फिटणार नाही.

आमच्याकडे उपासनेच्या आरंभी पाळकसाहेब ‘देव चांगला आहे’ असे म्हणतात आणि सगळी मंडळी ‘सर्वकाळ’ असे उत्तर देते. दफनविधीनंतरच्या पहिल्या रविवारपासून माझी मुलगी हे उत्तर देत नाही. ती उभी राहते, गीते गाते, डोळे मिटून प्रार्थनाही करते, परंतु त्या एका शब्दाला तिचे ओठ हलत नाहीत. मागच्या रविवारी महिला मंडळातील एका वडीलधाऱ्या बाईंच्या हे लक्षात आले आणि त्यांनी तिला बाजूला घेऊन, सैतानाला जागा देऊ नकोस, असे समजावले. घरी आल्यावर ती मला म्हणाली, “आई, देवळात खोटे बोलायचे नाही म्हणून मी गप्प राहते. तुला ते खरे वाटते का?”

मी ‘हो’ म्हणाले. माझा तसा विश्वास आहे. परंतु तो शब्द उच्चारताना माझा आवाज मला स्वतःलाच ओळखू आला नाही.

तेव्हा आपणांस विचारते की, तिला तसे म्हणायला मी भाग पाडावे काय? आणि आपल्यापैकी ज्यांनी असे काही सोसले आहे, ते ‘देव चांगला आहे’ असे म्हणतात तेव्हा नेमके काय म्हणत असतात? एक विनंती आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेली वचने कृपया पाठवू नयेत. ती सर्व आमच्या घरी आहेत.

राहुरीचा शेतकरी:

ताई, तिला भाग पाडू नका. माझ्या अनुभवाविषयी सवडीने लिहितो, पण एवढे आधी सांगितल्यावाचून राहवेना.

मनोहर अण्णा:

मी वेगळे मत मांडतो, आणि ताईंनी ते रागाने घेऊ नये. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात स्तुतीला ‘यज्ञ’ म्हटले आहे. यज्ञ म्हणजे ज्यासाठी काहीतरी द्यावे लागते अशी गोष्ट. मन भरून आले असता केलेली स्तुती सोपी असते. मन रिकामे असताना केलेल्या स्तुतीलाच किंमत पडते. ईयोबाने दहा मुले एका दिवसात गमावली, झगा फाडला, डोके मुंडवले आणि भूमीवर पालथे पडून परमेश्वराच्या नावाला धन्यवाद दिला; तसे वाटेपर्यंत तो थांबून राहिला नाही. जे मुखाने वारंवार म्हटले जाते ते हळूहळू अंतःकरणात उतरते, म्हणून तर आपण लेकरांना अर्थ कळण्याआधी प्रभूची प्रार्थना पाठ करायला लावतो. मुलीशी प्रेमाने वागावे, परंतु सवय मोडू देऊ नये.

जुनी परिचारिका:

अण्णा, आपण ईयोबाचा पहिला अध्याय सांगितलात. त्यापुढे एकेचाळीस अध्याय आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला न्यायासनापुढे बोलावतो आणि ‘मला उत्तर दे’ असा हट्ट धरतो. आपल्या प्रवचनांत पहिला अध्याय झाला की गाडी एकदम शेवटच्या अध्यायावर जाते, जिथे मेंढरे आणि उंट दुप्पट होतात. मधले पस्तीस-चाळीस अध्याय कोणी वाचत नाही.

मी ३४ वर्षे एका मिशन दवाखान्यात परिचारिका होते. मरणाऱ्या माणसाच्या खाटेजवळ लोक काय बोलतात, हे मी जितके ऐकले आहे तितके फारच थोड्यांनी ऐकले असेल. ‘देवाला फुले आवडतात म्हणून त्याने हे फूल तोडले,’ असे एका तान्ह्या बाळाच्या आईला सांगितलेले मी ऐकले आहे. ‘यातही काही चांगले असेल,’ असे ऐकले आहे. असे बोलणारी माणसे दुष्ट नव्हती. त्यांना ती शांतता सोसवत नव्हती, आणि शांतता मोडायला तोंडात आले ते वाक्य त्यांनी वापरले.

ईयोबाचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्यापाशी जमिनीवर बसून राहिले आणि एक अक्षरही बोलले नाहीत. त्या सात दिवसांसारखी शुश्रूषा मी फार थोडी पाहिली आहे. पुढे ते बोलू लागले आणि त्यांनी देवाची बाजू घेतली. देव न्यायी आहे, देव चुकत नाही, तुझेच काही चुकले असेल. त्यांची वाक्ये सुटी सुटी वाचली तर त्यांतील कितीतरी आपल्या प्रवचनांत सहज खपतील. आणि शेवटी देव काय म्हणतो? तो अलीफजाला म्हणतो की, माझा सेवक ईयोब याच्यासारखे तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. ज्याने देवाशी भांडण मांडले त्याचे बोलणे यथार्थ ठरले, आणि ज्यांनी देवाचे वकीलपत्र घेतले त्यांना ईयोबाकडून प्रार्थना करवून घ्यावी लागली.

निशिगंधताई, तुमची मुलगी देवळात खोटे बोलत नाही. मी त्या बाईंच्या जागी असते तर तिच्याजवळ बसले असते, एवढेच.

क्षितिज:

मी आता कोणत्याही मंडळीत जात नाही, तरी हा धागा वाचून लिहावेसे वाटले. माझ्या आईला कर्करोग होता. तेव्हा आम्ही ज्या प्रार्थनागटात जात होतो, तेथे तिला ‘विश्वासाने मागितले तर मिळालेच पाहिजे’ असे सांगण्यात आले. औषधे थांबवा, असे कोणी म्हटले नाही, एवढे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु आजार वाढत गेला तसे, कोठेतरी विश्वास कमी पडत असावा, असे आडून सुचवले जाऊ लागले. माझी आई शेवटचे तीन आठवडे स्वतःचा विश्वास तपासत मेली. तिला वेदना होत्या त्या होत्याच, त्यांवर हा अपराध आणखी लादला गेला.

जो देव चांगला आहे असे ते म्हणत होते, तो मला त्या खोलीत कोठे दिसला नाही. मुलीला गप्प राहू द्यावे, असे मला वाटते.

तिसरा प्रहर:

क्षितिज, आपल्या आईच्या बाबतीत जे घडले ते वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. मी नागपूरकडे पाळक आहे. ज्यांनी हे केले ते आमच्यापैकीच होते, हे मी नाकारणार नाही.

त्या शिकवणुकीला शास्त्राचा आधार नाही, एवढे मात्र स्पष्ट लिहितो. जन्मांध मनुष्य पाहून शिष्यांनी, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे विचारले तेव्हा येशूने दोन्ही पर्याय नाकारले. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, असे त्याने स्वतः होऊन सांगितले. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातील काटा, म्हणजे त्याला छळणारे दुखणे, जावा म्हणून तीन वेळा विनवणी केली आणि तो काटा गेला नाही. त्याच पौलाला आपल्या एका सहकाऱ्याला मिलेत येथे आजारी ठेवून पुढे जावे लागले. पौलाचा विश्वास कमी पडला, असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील, देवावर प्रीती करणाऱ्यांच्या बाबतीत सर्व गोष्टी मिळून कल्याण घडते, हे वचन आपण असे वापरतो की जणू प्रत्येक गोष्ट मुळातच चांगली होती आणि आपल्याला ती ओळखता आली नाही. पौल तसे म्हणत नाही. काही प्राचीन हस्तलिखितांत तेथे ‘देव’ हा कर्ता स्पष्टपणे लिहिलेला आहे: देव सर्व गोष्टींत कल्याणासाठी कार्य करतो. मूत्रपिंडाचा आजार चांगला नाही. बापाचे मरण चांगले नाही. मरणाला तर पौल शत्रूच म्हणतो, शेवटी नाहीसा केला जाणारा शत्रू. आणि त्याच आठव्या अध्यायात, या वचनाच्या थोडेसे आधी, सगळी सृष्टी कण्हत आहे, आपण कण्हत आहोत आणि आत्माही शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करीत आहे, असे लिहिले आहे. कण्हणे आधी येते. आपण ते वगळतो आणि वचन तेवढे चौकटीत घालून भिंतीवर टांगतो.

गणित शिक्षक:

पाळकसाहेब, आदराने विचारतो. देव सर्वसमर्थ आहे, देव चांगला आहे, आणि वाईट घडते. ही तीन विधाने एकत्र कशी राहतात? माझे विद्यार्थी मला हे विचारतात आणि ‘माणसाला दिलेले स्वातंत्र्य’ एवढे उत्तर त्यांना युद्धासाठी पटते, मूत्रपिंडासाठी पटत नाही.

तिसरा प्रहर:

आपल्या विद्यार्थ्यांचे बरोबर आहे. स्वातंत्र्याचे उत्तर अर्धेच आहे. सृष्टीच पतित अवस्थेत आहे, हे दुसरे उत्तर. देवाचा हेतू आपल्याला आज दिसत नाही, हे तिसरे. मी तिन्ही मानतो, परंतु तिन्ही एकत्र केली तरी हिशेब पुरता जुळत नाही, आणि जुळतो असे दफनभूमीत उभे राहून मला म्हणता येणार नाही. येशू आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी गेला तेव्हा थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत, हे त्याला ठाऊक होते. तरीही तो रडला. त्याने लाजराच्या बहिणींना, मार्थेला आणि मरीयेला, दुःखाचे कारण समजावून सांगितल्याचे तेथे लिहिलेले नाही.

सकाळची फेरी:

निशिगंधताई, दिनदर्शिकेवरील वचने नकोत, असे आपण म्हटलेत म्हणून त्यांपैकी एकाविषयीच लिहिते. ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत’ अशा अर्थाचे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील वचन बहुतेक ख्रिस्ती घरांत असते. दहावीच्या परीक्षेला निघालेल्या मुलांना ते देतात, नव्या दुकानाच्या उद्घाटनालाही देतात. मूळ वचन बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना पाठवलेल्या पत्रातले आहे, आणि त्याच्या अगोदरच्याच ओवीत त्यांना सत्तर वर्षे थांबण्यास सांगितले आहे. म्हणजे ज्यांनी ते पत्र हातात धरून वाचले, त्यांच्यातील बहुतेक प्रौढ माणसे परत जाण्याआधीच बाबेलात मरणार होती. दरम्यान त्यांनी काय करावे? घरे बांधावीत, बागा लावाव्यात, मुलांची लग्ने करावीत आणि ज्या नगरात नेऊन ठेवले आहे त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करावी. हे कळल्यापासून ते वचन मला अधिक जड आणि अधिक खरे वाटते.

इंद्रायणीकाठ:

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरी पंढरीची वारी आहे. आपल्या चर्चेत बोलणे योग्य की नाही, अशी शंका होती, पण एक विचारतो. तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा दुष्काळात गेले, दुकानाचे दिवाळे निघाले. आणि पुढे ते देवालाच सांगतात की, दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडले तेही बरे झाले, कारण त्यामुळे तुझे चिंतन राहिले. आपण ‘देव चांगला आहे’ म्हणता ते याच अर्थाने काय?

केडगावची पणती:

इंद्रायणीकाठ, आपण अवश्य बोलावे. नारायण वामन टिळक तर म्हणतच असत की, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे की, अर्थ फार जवळचा आहे, आणि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे: ‘बरे झाले’ हे तुकोबा स्वतः म्हणतात, स्वतःच्या दुःखाविषयी म्हणतात आणि देवाला उद्देशून म्हणतात. देहूतील कोणी शेजाऱ्याने पत्नीच्या चितेपाशी येऊन त्यांना ‘बरे झाले’ असे म्हटले असते, तर शब्द तेच राहूनही ते क्रूर झाले असते.

याच संदर्भात मला पंडिता रमाबाईंविषयी लिहायचे आहे, कारण माझी पणजी त्यांच्यामुळे जगली. केडगाव म्हणजे येथे दौंड तालुक्यातील केडगाव, नगरजवळचे नव्हे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात काही महिन्यांच्या अंतराने उपासमारीने गेली. उरलेली बहीणभावंडे पायी हिंडत राहिली. पंजाबातील थंडीत नदीकाठच्या वाळूत खड्डे करून त्यांत निजल्याची आठवण रमाबाईंनी लिहून ठेवली आहे. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला. त्याच वर्षी विवाह झाला आणि १८८२ मध्ये पती पटकीने गेले. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही झालेली नव्हती. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकीचे शिक्षण घेण्याच्या इच्छेने, तर कमी ऐकू येत असल्यामुळे तो मार्गही बंद झाला. बाप्तिस्मा त्यांनी त्याच वर्षी घेतला. बाप्तिस्म्यानंतर दुःखे थांबली, असेही नाही. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा, जिच्या हाती सारे काम सोपवायचे होते ती एकुलती एक मुलगी, आईच्या आधी गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. मधल्या नऊ महिन्यांत त्या सर्वसामान्य बायकांना समजेल अशा मराठीत केलेल्या आपल्या बायबलच्या भाषांतराचे काम पुरे करीत होत्या.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० मुली व विधवा घेऊन आल्या. त्यांत माझी पणजी होती. तिचे मूळ गाव कोणते, आईबापांची नावे काय, हे आमच्या घरी कोणालाच ठाऊक नाही, कारण ते तिलाच ठाऊक नव्हते. तिला एवढेच आठवत होते की, एक बाई आली आणि तिने आधी खायला दिले. भूक म्हणजे काय हे त्या बाईंना माहीत होते. माझी पणजी ‘देव चांगला आहे’ असे म्हणत असे आणि पुष्कळदा म्हणत असे, असे आजी सांगे. परंतु ज्या घरात मृत्यू झाला असेल तेथे जाऊन ती ते म्हणत नसे. तेथे ती भाकरी घेऊन जात असे.

अनंतशास्त्रींच्या कुटुंबाचे मरण देवाने रमाबाईंना घडवण्यासाठी योजले, असे काही लोक भाषणांत म्हणतात. मला ते मान्य नाही. त्या उपाशी माणसांचे मरण दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडावे म्हणून होते, असे मानणारा देव मला रमाबाईंच्या लेखनात सापडत नाही.

मनोहर अण्णा:

आपण सर्वांनी लिहिलेले मी दोनदा वाचले. परिचारिकाबाईंनी मधल्या अध्यायांविषयी जे म्हटले ते मला लागले, कारण ते खरे आहे.

मी हे येथे लिहिणार नव्हतो. माझा थोरला मुलगा बावीस वर्षांचा असताना विहिरीत बुडून गेला. शुक्रवारी त्याला मातीत ठेवले आणि रविवारी मी नेहमीप्रमाणे देवळात जाऊन शास्त्रपाठ वाचला. त्या दिवशीचा पाठ होता त्र्याहत्तरावे स्तोत्र. स्तोत्रकर्ता आसाफ पहिल्याच ओवीत म्हणतो की, देव खरोखर चांगला आहे. आणि लगेच म्हणतो की, माझे पाय मात्र घसरण्याच्या बेतात होते. मी पहिली ओवी मोठ्याने वाचली. मला ती खरी वाटत होती म्हणून वाचली, असे आज सांगू शकत नाही. मला भीती होती की, आज हे शब्द तोंडातून निघाले नाहीत तर पुन्हा कधीच निघणार नाहीत. ते वाक्य म्हणजे बुडणाऱ्याच्या हाती लागलेला दोर होता, आणि मी तो धरला. म्हणून कोणी तो सोडताना दिसले की माझा जीव घाबरा होतो. मुलीविषयी मी लिहिले ते त्या घाबरेपणातून लिहिले.

परंतु आज सकाळी विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली. त्या रविवारी मला कोणी वाचायला लावले नव्हते. उलट पाळकसाहेब म्हणाले होते, “मनोहर, आज राहू दे, मी वाचतो.” वाचायचे मी ठरवले.

जुनी परिचारिका:

अण्णा, आपण हे लिहिलेत याबद्दल मी आपली फार ऋणी आहे. मी आपल्याला उत्तर दिले तेव्हा आपल्या हातातला दोर मला दिसला नव्हता.

वसईचा पाऊस:

जय येशू. आम्ही कॅथलिक आहोत, त्यामुळे आमच्या उपासनेची एक रीत सांगते, कदाचित निशिगंधताईंना उपयोगी पडेल. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या जागरणापर्यंत, म्हणजे संपूर्ण उपवासकाळात, आमच्या मिस्सामध्ये, म्हणजे मुख्य उपासनेत, ‘आलेलुया’ हा स्तुतीचा उद्गार म्हटला जात नाही. शुभ शुक्रवारी तर मिस्साच नसतो. वेदीवरील वस्त्रेही काढलेली असतात. लहानपणी मला वाटे की, हे केवळ शोकाचे चिन्ह आहे. वडील गेले त्या वर्षी उपवासकाळ आला तेव्हा मला वेगळेच जाणवले. मला जे म्हणता येत नव्हते ते त्या दिवसांत कोणीच म्हणत नव्हते, आणि तरीही सर्व जण चर्चमध्ये होते. माझ्या गप्प राहण्याला ख्रिस्तसभेने आधीपासून जागा करून ठेवलेली होती.

आणि शुभ शुक्रवारीच आपण ऐकतो की, क्रुसावरून येशूने, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास, असा आक्रोश केला. ती बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. म्हणजे देवाच्या पुत्राला त्या घटकेला स्वतःचे शब्द सुचले नाहीत, किंवा त्याने शोधले नाहीत. आपल्या पूर्वजांच्या विलापातला शब्द त्याने उचलला. देव चांगला आहे, असे मी म्हणते ते त्या ‘का’ या शब्दाच्या आधारावर म्हणते. तो प्रश्न विचारणारा एकटा नाही, कारण खुद्द प्रभूने तो विचारला आहे.

राहुरीचा शेतकरी:

सवडीने लिहितो, असे म्हटले होते.

माझी अडीच एकर डाळिंबाची बाग होती. कर्ज काढून लावली, ठिबक केले, मुलासारखी वाढवली. तिसऱ्या बहाराला तेल्या रोग आला. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांना सांगतो की, आधी पानावर आणि फळावर तेलकट डाग दिसतात, मग फळ तडकते, आणि मग रोज सकाळी टोपल्या भरून फळे पुरावी लागतात. दोन वर्षे फवारण्या करून शेवटी मी बाग मुळासकट काढली.

त्या वर्षी आमच्या देवळात हंगामाच्या उपकारस्तुतीची उपासना होती. लोक ज्याच्या त्याच्या शेतातले आणतात: बाजरी, ऊस, कोंबडी, अंडी, भोपळे, मग उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. माझ्याकडे न्यायला काही नव्हते. घरी बसावे, असे मनात होते. आमचे पाळक त्या आठवड्यात हबक्कूक संदेष्ट्याचा तिसरा अध्याय वाचणार होते: अंजिराला फूल आले नाही, वेलीला फळ नाही, शेतात अन्न पिकले नाही, वाड्यात मेंढरू नाही आणि गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. मी विचार केला की, हा माणूस आपल्यासारखाच रिकाम्या हाताने उभा आहे. मग मी फळे वाहायची पाटी तशीच रिकामी नेली आणि इतरांच्या पिकांशेजारी ठेवली. पाळकांनी ती बाजूला काढली नाही. जसे इतरांच्या दानावर हात ठेवून प्रार्थना केली तशीच तिच्यावरही केली. लिलावात एका म्हातारीने ती पाटी शंभर रुपयांना घेतली आणि जाताना माझ्या सायकलीला अडकवून गेली.

मला त्या दिवशी उल्लास वाटला नाही, हे खरे सांगतो. कर्जही अजून पुरते फिटलेले नाही. आता त्या रानात कांदा आणि सोयाबीन घेतो. परंतु रिकामी पाटी घेऊन देवाच्या घरात येता येते, ती कोणी हसून परत करीत नाही, हे मला कळले. ताई, तुमच्या मुलीची चुप्पी म्हणजे तिची पाटी आहे, असे मला वाटते. ती घेऊन ती दर रविवारी येते आहे, याकडे त्या बाईंचे लक्ष गेले नसावे.

क्षितिज:

शेतकरीदादा, आपण लिहिलेले मी माझ्या बहिणीला वाचून दाखवले. आम्ही बराच वेळ आईविषयी बोललो.

सकाळची फेरी:

ताई, मुलीला स्तोत्रसंहिता वाचू द्यावी, असे सुचवते. दीडशे स्तोत्रांपैकी एक तृतीयांशाहून अधिक स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांतील बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात, परंतु अठ्ठ्याऐंशीवे वळत नाही. त्याचा मूळ इब्रीतील शेवटचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. ज्यांनी पवित्र शास्त्र एकत्र केले त्यांनी ते स्तोत्र वगळले नाही किंवा त्याला शेवटी चार गोड ओळी जोडल्या नाहीत.

निशिगंध:

गेले तीन आठवडे मी काही लिहिले नाही, त्याबद्दल क्षमा असावी. मी सगळे प्रतिसाद वाचत होते, आणि काही मुलीलाही वाचून दाखवले. तिने अण्णांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. मग म्हणाली, “यांना मी ‘सर्वकाळ’ म्हटलेले ऐकले तर बरे वाटेल का?” मी म्हणाले की, बहुधा वाटेल, पण तेवढ्यासाठी म्हणू नकोस.

तिला मी म्हणायला लावणार नाही, हे ठरले आहे. त्या बाई गेल्या बुधवारी घरी आल्या होत्या. त्यांनी डब्यातून पिठले-भाकरी आणली होती आणि त्या विषयावर एक शब्दही काढला नाही. मुलीच्या वडिलांच्या कामाविषयी, ते गॅरेजात कसे गात असत त्याविषयी, त्या तासभर बोलत बसल्या. त्यांच्याकडे अशा आठवणी आहेत हे मला ठाऊकही नव्हते.

माझ्या स्वतःच्या आवाजाविषयी लिहायचे तर, मी अजून ‘सर्वकाळ’ म्हणते. पूर्वी मी ते आमच्या सगळ्यांच्या वतीने म्हणत असे. आता मी ते फक्त माझ्या वतीने म्हणते, आणि हळू म्हणते.

येत्या महिन्यात यजमानांच्या स्मरणार्थ घरी उपासना ठेवली आहे. मुलीने शास्त्रपाठ मी वाचणार, असे स्वतः होऊन सांगितले, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र निवडले. पाळकसाहेब थोडा वेळ थांबले, मग म्हणाले की, वाच, आणि त्यानंतर आपण लगेच गीत घेणार नाही, थोडा वेळ शांत बसू. ती सध्या रोज संध्याकाळी मोठ्याने सराव करते. ‘अंधार’ या शब्दाशी आल्यावर ती पुस्तक मिटत नाही, थोडा वेळ तसेच उघडे धरून ठेवते.

मनोहर अण्णा:

निशिगंधताई, उपासनेचा दिवस आणि वेळ कळवावी. मी नगरहून सकाळच्या एस. टी. ने येईन. बोलणार काही नाही.